चुकीचा नकाशा जपून ठेवावा

शिकागो शहराच्या अधिकृत विभागांच्या नकाशात पिल्सेन नाही. ब्रॉन्झव्हिल नाही, विकर पार्क नाही, चायनाटाउन नाही, बॅक ऑफ द यार्ड्सही नाही. शिकागोकर ज्या नावांनी आपला पत्ता सांगतात आणि घर शोधणारा ज्या नावांवरून भाड्याचा अंदाज बांधतो, त्यांतली कितीतरी नावे इथे सापडत नाहीत. त्यांच्या जागी लोअर वेस्ट साइड, डग्लस, ग्रँड बुलेव्हार्ड, वेस्ट टाउन, आर्मर स्क्वेअर, न्यू सिटी अशी नावे आहेत. यातली काही तर तिथे जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडीही क्वचितच येतात. शहराचे एकूण ७७ तुकडे, त्यांना ‘कम्युनिटी एरिया’ म्हणायचे, आणि त्यांच्या बहुतेक सगळ्या सीमा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या. हा नकाशा रद्द करून लोकांच्या मनातल्या वस्त्यांचा नवा नकाशा करावा, हे म्हणणे ऐकताक्षणी पटते. आज माहिती गोळा करण्याची साधने इतकी स्वस्त झाली आहेत की हे काम अवघडही राहिलेले नाही. तरीही ते करू नये, असे माझे मत आहे. हा नकाशा चुकीचा आहे हे मान्य करूनच मी हे म्हणतो आहे. त्याची किंमत तो बरोबर असण्यात कधी नव्हतीच.

नकाशा जन्माला आला तो १९२०च्या दशकात. त्या काळी शिकागो झपाट्याने फुगत होते. १९२० साली २७ लाखांची वस्ती होती, ती १९३० साली ३३ लाखांच्या पुढे गेली. या वाढीचा अभ्यास करायचा तर आकडे हवेत, आणि वॉर्डांचे आकडे कामाचे नव्हते. वॉर्डांच्या सीमा राजकारणाच्या सोयीने सरकत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा एखादा वॉर्ड आणि त्याच क्रमांकाचा आजचा वॉर्ड यांची तुलना करण्यात अर्थ नसे. शिकागो विद्यापीठात तेव्हा रॉबर्ट पार्क आणि अर्नेस्ट बर्जेस यांच्याभोवती समाजशास्त्रज्ञांचा मोठा गट जमला होता. बर्जेस यांच्या पुढाकाराने या गटाने शहराचे ७५ विभाग पाडले. नदीचे फाटे, रेल्वेचे बांध, मोठी उद्याने, वसाहतीचा इतिहास, स्थानिक बाजारपेठ आणि रहिवाशांच्या तोंडची नावे, असे सगळे त्यांनी विचारात घेतले. विद्यार्थ्यांनी जुन्या रहिवाशांना गाठून वस्त्यांच्या हकिकती लिहून घेतल्या. मग या विभागांच्या कडा जनगणनेच्या छोट्या गटांशी जुळवल्या, म्हणजे गटांची बेरीज केली की विभागाचा आकडा हाती यावा. लुई वर्थ यांच्या संपादनाखाली १९३८ साली या विभागांच्या माहितीचा पहिला ग्रंथ निघाला, आणि पुढच्या अनेक जनगणनांच्या आकड्यांवर अशी पुस्तके निघत राहिली. ओहेअर विमानतळाची जमीन १९५६ मध्ये शहरात आली तेव्हा ७६वा विभाग झाला. १९८० मध्ये एजवॉटर हा अपटाउनपासून वेगळा निघाला, तो ७७वा. शतकभरात झालेले ठळक बदल म्हणावे तर एवढेच.

आता त्यातले दोष. पहिला दोष आखणाऱ्यांच्या डोक्यातच होता. शहरात वनस्पतींच्या समूहांसारखे ‘नैसर्गिक विभाग’ आपोआप तयार होतात आणि अभ्यासकाने ते फक्त ओळखायचे असतात, अशी पार्क-बर्जेस मंडळींची धारणा होती. ती टिकली नाही. शहरात नैसर्गिक फार थोडे असते. रेल्वेचा बांध कोणीतरी घातलेला असतो, आणि बांधाच्या पलीकडे कोणाला घर मिळणार नाही हेही कोणीतरीच ठरवलेले असते. दुसरा दोष आकारांचा. नियर नॉर्थ साइड या एका विभागात आज लाखाहून जास्त माणसे राहतात आणि बर्नसाइडमध्ये जेमतेम अडीच हजार, पण कोष्टकात दोघांनाही एकेकच ओळ. तिसरा दोष रोजच्या अनुभवाचा. डिव्हिजन स्ट्रीटवर १९९५ मध्ये पोर्तो रिकोचे दोन प्रचंड पोलादी झेंडे उभारले गेले. त्या झेंड्यांमधला रस्ता म्हणजे हम्बोल्ट पार्कचे काळीज, असे तिथला पोर्तोरिकन माणूस सांगेल, आणि सरकारी नकाशा म्हणेल की हे वेस्ट टाउन आहे. शिकागोतल्या भारतीयांची, म्हणजे मराठी घरांचीही, किराणा आणि साडीखरेदीची जुनी जागा म्हणजे डेव्हन अव्हेन्यू. तो भाग अधिकृतपणे वेस्ट रिज, पण बोलण्यात वेस्ट रॉजर्स पार्क. (याच रस्त्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांना महात्मा गांधी, महंमद अली जीना आणि गोल्डा मायर अशा तिघांची मानाची नावे दिलेली आहेत; वस्तीची ओळख एका नावात मावत नाही याचा इतका स्वस्त पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही.) अल्बर्ट हंटर या समाजशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोच्या रहिवाशांनाच विचारले की तुमच्या वस्तीचे नाव काय आणि ती कुठे संपते. अनेक ठिकाणी उत्तरे बर्जेस यांच्या रेषांशी जुळली नाहीत. पुढे १९७८ मध्ये शहराच्या नियोजन विभागानेही रहिवाशांना विचारून वस्त्यांचा निराळा नकाशा केला. आज शहरात दोनशेहून अधिक वस्त्यांची नावे चालतात.

मग ७७ तुकड्यांचा अट्टहास कशासाठी? नॉर्थ लॉनडेल या पश्चिमेकडच्या विभागाचे आकडे पाहावेत. १९५० मध्ये तिथे सुमारे एक लाख माणसे राहत होती आणि त्यांत कृष्णवर्णीय १३ टक्के होते. १९६० मध्ये लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात गेली आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण ९१ टक्के झाले. दहा वर्षांत, त्याच रस्त्यांवर, त्याच घरांमध्ये, पाऊण लाखाहून अधिक गोरी माणसे निघून गेली. कृष्णवर्णीय कुटुंबांना बँका कर्ज देत नव्हत्या, सरकारी कर्जहमी मिळत नव्हती, म्हणून ती घरे त्यांनी सट्टेबाजांकडून चढ्या भावाने, हप्ते संपेपर्यंत मालकी न मिळणाऱ्या करारांवर घेतली. एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही. १९६८ मध्ये या खरेदीदारांनी संघटना करून लढा दिला. २०२० साली त्याच विभागात ३५ हजारांच्या आसपास माणसे उरली होती. ही सगळी कथा आकड्यांत सांगता येते, कारण १९५०, १९६० आणि २०२० या तिन्ही वर्षी नॉर्थ लॉनडेलची हद्द एकच होती. समजा, लोकांच्या भावनेनुसार ती हद्द दर दहा वर्षांनी सुधारत गेलो असतो. निघून जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांनी त्या भागाचा उल्लेख ‘आपली वस्ती’ असा करणे केव्हाच सोडले होते. उरलेल्यांपैकी ज्यांना शक्य होते त्यांनी आपल्या चार गल्ल्यांना वेगळे नाव दिले असते. प्रत्येक दशकाचा नकाशा त्या दशकापुरता अचूक झाला असता, आणि शहरात काय घडले हे मात्र कोणालाच मोजता आले नसते. वजनकाट्याचा शून्य दर आठवड्याला ‘दुरुस्त’ करणाऱ्याला आपले वजन वाढले की घटले हे कधीच कळत नाही.

पिल्सेनचे उदाहरण याच्या उलट दिशेचे. बोहेमियातून आलेल्या चेक कामगारांनी आपल्याकडच्या शहराचे नाव दिलेली ही वस्ती पुढे मेक्सिकन झाली. आता तिथे पैसेवाले तरुण येत आहेत. २००० ते २०१० या दशकात तिथले लॅटिनो रहिवासी दहा हजारांच्या आसपास कमी झाले. हा आकडा लोअर वेस्ट साइड या नावाच्या, कोणाला फारसे ममत्व नसलेल्या, न हललेल्या चौकटीमुळे हाती आला. इंगलवूडमध्ये १९६० साली ९७ हजारांहून जास्त माणसे होती, २०२० मध्ये २५ हजारही नव्हती. आणि १९९५ चा उन्हाळा. त्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने ७३९ माणसे दगावली असा अंदाज आहे. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायननबर्ग यांनी नंतर दोन शेजारी विभागांची तुलना केली: नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. एकटे राहणारे म्हातारे आणि म्हाताऱ्यांमधली गरिबी दोन्हीकडे सारखीच होती, ऊन तर तेच होते, पण नॉर्थ लॉनडेलमधला मृत्युदर जवळजवळ दहापट निघाला. साउथ लॉनडेलमध्ये गजबजलेले रस्ते, दुकाने, दाराबाहेर पडायला कारण. नॉर्थ लॉनडेलमध्ये रिकामे भूखंड, बंद दुकाने आणि दार उघडायला घाबरणारी म्हातारी माणसे. या निष्कर्षावर वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण वाद घालता आला तो दोन्ही बाजूंसमोर त्याच दोन चौकटी होत्या म्हणून.

साउथ लॉनडेलला आज सगळे ‘लिटल व्हिलेज’ म्हणतात. हे नाव १९६०च्या दशकातले. रेल्वेच्या रुळांपलीकडे नॉर्थ लॉनडेल कृष्णवर्णीय झाले, तेव्हा अलीकडच्या घरमालकांना आणि दुकानदारांना ‘लॉनडेल’ हा शब्द नकोसा झाला, आणि त्यांनी युरोपातल्या खेड्याची आठवण यावी असे नाव काढले. पुढे तिथे मेक्सिकन आले आणि त्यांनी ते नाव आपलेसे करून ‘ला व्हियीता’ केले, म्हणून आज ते गोड वाटते. त्याचा उगम गोड नव्हता. लोकांच्या तोंडची नावे आणि सीमा म्हणजे निर्मळ लोकभावना, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वस्तीला नाव देणे हा सहसा कोणाला तरी बाहेर ठेवण्याचा किंवा काहीतरी विकण्याचा उद्योग असतो. सगळीकडे नाही: बॅक ऑफ द यार्ड्समध्ये कत्तलखान्यांच्या कामगारांनी आणि त्यांच्या चर्चनी १९३९ मध्ये आपली परिषद स्थापन केली, सॉल अलिन्स्की आणि जोसेफ मीगन यांच्या पुढाकाराने, आणि तुच्छतेने घेतले जाणारे नाव अभिमानाने लावले. ब्रॉन्झव्हिल हे नाव १९३०च्या दशकात कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्रांनी रुजवले. ही नावे टिकली पाहिजेत. पण त्यांच्यावर रुग्ण, मृत्यू आणि बेरोजगार मोजण्याचे ओझे का टाकावे?

आणि हा नकाशा बाजूला ठेवला तर जागा रिकामी राहणार नाही. ती घ्यायला तीन नकाशे तयारच आहेत. पहिला राजकारण्यांचा. शिकागोत ५० वॉर्ड आहेत आणि दर जनगणनेनंतर त्यांच्या सीमा नगरसेवकच पुन्हा आखतात. इंगलवूडसारखी गरीब वस्ती या आखणीत अनेक वॉर्डांत चिरली गेली. प्रत्येक नगरसेवकाच्या वॉर्डात तिचा एकेक कोपरा, म्हणून संपूर्ण वस्तीचा असा कोणीच नाही. आशियाई रहिवाशांची बहुसंख्या असलेला वॉर्ड या शहराला २०२२ च्या फेरआखणीत पहिल्यांदा मिळाला, आणि तो चायनाटाउनभोवतीचा, डेली या राजकारणी घराण्याचा बालेकिल्ला असलेला ११वा वॉर्ड. आपली वस्ती एका वॉर्डात असावी ही मागणी करताना लोकांना आपली वस्ती इथून इथवर आहे असे दाखवावे लागते, आणि तेव्हा नगरसेवकांनी न काढलेला नकाशा हातात असणे फार उपयोगी पडते.

दुसरा नकाशा कर्ज देणाऱ्यांचा. १९३०च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचे रंगीत नकाशे केले: हिरवा उत्तम, निळा बरा, पिवळा उतरता, लाल धोक्याचा. कृष्णवर्णीय राहत असतील तो भाग जवळजवळ ठरलेला लाल. या नकाशांनी नेमके किती नुकसान केले यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, कारण बँका आणि सरकारी हमी देणारे खाते यांचे पूर्वग्रह नकाशांच्या आधीपासूनचे होते. पण वस्तीची सीमा आणि वस्तीची किंमत एकाच कागदावर आखली की काय होते, ते या नकाशांवरून कळते. तिसरा नकाशा घरदलालांचा आणि आता मोबाइलमधल्या नकाशांचा. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका भागाला ‘द ईस्ट कट’ हे नाव स्थानिक मिळकतदारांच्या संस्थेने जाहिरात-तज्ज्ञांकडून घडवून घेतले. ते गूगल मॅप्सवर चढले आणि तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांना आपला नवा पत्ता फोनमधून कळला. डेट्रॉइटमध्ये ‘फिशकॉर्न’चे अक्षरांच्या अदलाबदलीतून ‘फिस्कहॉर्न’ झाले आणि घरांच्या जाहिरातींनी ते जसेच्या तसे उचलले. न्यूयॉर्कमध्ये हकीम जेफ्रीस राज्य विधानसभेत असताना, २०११ मध्ये, घरदलालांनी मनाला येईल तशी वस्त्यांची नावे बदलू नयेत म्हणून विधेयक घेऊन आले होते. ते मंजूर झाले नाही. सहा वर्षांनी हार्लेमच्या दक्षिण भागाला ‘सोहा’ म्हणण्याचा घाट घातला गेला आणि रहिवाशांनी आरडाओरड करून तो हाणून पाडला. दर वेळी आरडाओरड पुरेल असे नाही.

यावर उत्तर दिले जाते की या तिघांना नको असेल तर चौथा मार्ग आहे, सरळ लोकांनाच विचारा. लॉस एंजेलिस टाइम्सने २००९ मध्ये शहराच्या वस्त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला, वाचकांच्या हरकती मागवल्या आणि त्यानुसार सीमा बदलल्या. ८७ वस्त्यांच्या ११४ झाल्या. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ मध्ये हजारो वाचकांनी काढलेल्या सीमा एकमेकींवर ठेवून नकाशा केला, त्यात वस्त्यांच्या कडा ठळक नसून रंग एकमेकांत विरघळलेले आहेत. माझ्या मते वृत्तपत्रांनी केलेल्या उत्तम कामांपैकी हे आहे, आणि प्रत्येक शहराने आपला असा नकाशा करून घ्यावा. पण अशा आवाहनाला उत्तर कोण देते? ज्याच्याकडे वेळ आहे, भाषा आहे, आणि आपल्या वस्तीच्या सीमेबद्दल ज्याला काहीतरी ठाम म्हणायचे आहे तो. दोन पाळ्या करणारी बाई त्यात सापडणे कठीण. शिवाय विरघळणारा रंग प्रामाणिक असला तरी त्यात मृत्यूंची नोंद करता येत नाही. मेलेला माणूस ६० टक्के या वस्तीत आणि ४० टक्के त्या वस्तीत असे लिहायची सोय नाही. कोष्टकाला रेषा लागते. ती कोणाच्याही बाजूची नसावी एवढीच अपेक्षा, आणि शंभर वर्षे जुनी रेषा बहुधा तशी असते, कारण तिच्यापासून फायदा होणारे कधीच गेलेले असतात.

सरासरीचा आक्षेप मात्र गंभीर आहे. नियर नॉर्थ साइडबद्दल हार्वी झोरबॉ यांनी १९२९ मध्ये पुस्तक लिहिले त्याचा विषयच असा होता की एकाच विभागात तळ्याकाठची श्रीमंत ‘गोल्ड कोस्ट’ आणि चालत जाण्याच्या अंतरावर झोपडवस्ती आहे. नंतर त्याच विभागात काब्रिनी-ग्रीन ही सरकारी घरांची बदनाम वसाहत उभी राहिली. तिच्या उंच इमारतींपैकी शेवटची २०११ मध्ये पाडली गेली. या सगळ्याची सरासरी काढली तर हाती येते ते कोणाचेच चित्र नसते. २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की शिकागोच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुष्य सुमारे ९० वर्षांचे आणि इंगलवूडमध्ये ६० वर्षांचे. स्ट्रीटरव्हिल हा नियर नॉर्थ साइडचाच एक कोपरा. ७७ च्या नकाशात ते नाव शोधून सापडणार नाही. (१८८६ मध्ये आपली बोट वाळूत रुतली म्हणून ती जमीन माझीच, असे सांगत वर्षानुवर्षे शहराशी भांडलेल्या स्ट्रीटर नावाच्या इरसाल माणसावरून देशातल्या महागड्या पत्त्यांपैकी एकाला नाव पडले आहे. अतिक्रमणाचे इतके सुखान्त उदाहरण विरळा.) तर तीस वर्षांची ही दरी विभागांच्या सरासरीतून नव्हे, जनगणनेच्या छोट्या गटांतून दिसली. पण यातून निघते ते एवढेच की विभागाच्या खाली उतरून पाहावे, आणि अभ्यासक ते करतातच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात शिकागोच्या ८४७ गटांची ३४३ समूहांत जुळणी केली, आठ हजारांहून अधिक रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या, आणि शेजाऱ्यांचा परस्परविश्वास व गुन्हेगारी यांचा संबंध शोधला. हेच सॅम्पसन जेव्हा १९६० पासूनची गरिबी मांडायला बसतात तेव्हा ते ७७ विभागांकडे वळतात, आणि त्यातून दिसते की शहर वरखाली कितीही ढवळले तरी गरीब विभागांचा क्रम दशकानुदशके फारसा हलत नाही. खोली हवी तिथे छोटा गट, काळ हवा तिथे जुना विभाग. छोट्या गटांच्या सीमा दर जनगणनेत फुटतात, जुळतात. केवळ त्यांच्यावर शतक तोलता येत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप बदनामीचा आहे, आणि त्याचे उत्तर पूर्णपणे देता येते असे मला वाटत नाही. रेषा आखली, नाव दिले, दर आठवड्याला त्या नावासमोर खुनांचा आकडा छापला, की पुढे त्या नावामुळेच माणसे तिथे दुकान काढत नाहीत. नोकरीच्या अर्जावरचा पत्ताही बोलू लागतो. नकाशा वर्णन करता करता घडवू लागतो, हे समाजशास्त्रज्ञ जेराल्ड सटल्स यांनी शिकागोच्या वस्त्यांबद्दल १९७२ मध्येच मांडले होते. एजवॉटरची फारकत झाली ती याच कारणाने: १९७० च्या दशकात अपटाउनमध्ये अ‍ॅपलेशियाच्या डोंगरांतून आलेले गरीब गोरे होते, मनोरुग्णालयांतून बाहेर काढलेली माणसे स्वस्त खोल्यांत राहत होती, आणि उत्तरेकडच्या रहिवाशांना ते नाव आपल्या घरांवर नको होते. त्यांची संघटना होती, चिकाटी होती, आणि त्यांचे म्हणणे मानले गेले. पण हाच न्याय सगळ्यांना लावून पाहा. बदनाम विभागातून आधी तीच मंडळी वेगळी होतील ज्यांच्याकडे संघटना आणि वजन आहे. मागे राहिलेल्या तुकड्याची सरासरी आणखी खाली जाईल, म्हणजे त्यातून पुढचा वरचा थर निघण्याचे कारण तयार. इंगलवूडला कोणी वेगळे होऊ देणार नाही, कारण इंगलवूडपासून इंगलवूड वेगळे कसे होणार? उलट २०१९ मध्ये महापौर लोरी लाइटफूट यांनी दक्षिण आणि पश्चिम भागात ७५ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीची योजना जाहीर केली तेव्हा दहा विभाग नाव घेऊन निवडले गेले. ऑस्टिन, नॉर्थ लॉनडेल, इंगलवूड त्यांत होते. त्या योजनेने काय साधले याचा हिशेब शिकागोकर करत बसले आहेत, आणि तो करता येतो हेही त्याच नावांमुळे. बदनामी करणारी यादी आणि पैसा मागणारी यादी एकच आहे. ती फाडली तर दोन्ही जातील. बातमीदारांनी मात्र पंचवीस हजार माणसांच्या विभागाला एका चौकातल्या गोळीबाराने ओळखणे बंद करावे, हे नकाशा न बदलता आजपासून करता येण्यासारखे आहे.

शेवटचा आक्षेप उगमाचा. ज्या विद्यापीठात हा नकाशा झाला त्याच विद्यापीठात होमर हॉइट यांनी १९३३ मध्ये जमिनीच्या किमतींवर प्रबंध लिहिला आणि त्यात वेगवेगळ्या वंशांच्या माणसांची उतरत्या क्रमाने यादी दिली, तळाशी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन; पुढे ते सरकारी गृहकर्ज-हमी खात्यात मोठ्या पदावर गेले. विद्यापीठाने स्वतः आजूबाजूच्या भागात कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे करार टिकवण्यासाठी पैसा खर्च केला. ते करार न्यायालयांमार्फत लागू करता येणार नाहीत असा निकाल यायला १९४८ उजाडावे लागले. या हवेत श्वास घेणाऱ्यांच्या रेषा स्वच्छ असतील असे कोणी म्हणू नये. पण हॉइट यांच्या यादीत आणि बर्जेस यांच्या नकाशात एक फरक राहतो. नकाशाने कोणत्याही विभागाला श्रेणी दिली नाही, त्यामुळे त्याच चौकटी पुढे वर्णभेद मोजायला वापरता आल्या, आणि कृष्णवर्णीय अभ्यासकांनी, संघटनांनी त्या वापरल्या. टाकून द्यायची ती ‘नैसर्गिक विभाग’ ही कल्पना. शहराच्या संकेतस्थळावर आणि शाळेच्या पुस्तकांत हे ७७ तुकडे म्हणजे शिकागोच्या खऱ्या वस्त्या असे सुचवणे थांबवावे. नावांचेही तसेच. ३५ क्रमांकाचा विभाग आहे डग्लस, स्टीफन डग्लस या सिनेटरच्या नावाचा. मिसिसिपीतल्या गुलामांच्या मळ्याचे उत्पन्न त्यांनी खाल्ले होते, आणि त्या विभागात आज ब्रॉन्झव्हिलचा मोठा भाग येतो. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नॉर्थ लॉनडेलमधल्या उद्यानाचे नाव २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या आग्रहामुळे गुलामीविरुद्ध लढलेल्या फ्रेडरिक आणि अ‍ॅना डग्लस यांना दिले गेले. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ‘एस’ची भर पडली. विभागाचे नाव बदलावे अशी मागणी आली तर ती मान्य करायला हरकत नसावी. क्रमांक ३५ च राहील, पूर्वेला तळेच राहील, आणि १९३० चा आकडा नव्या नावासमोर लिहिता येईल.